कॉर्न स्नेकला आग्रह

'कॉर्न स्नेक' या नावालाच मी भुलले. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या आमच्या शाकाहारी घरात मका खाणारा साप चालून जाईल, असं मला खरंच वाटलं आणि मी लेकीला हो म्हणून बसले. मग गराजमधल्या फ्रीजरमध्ये, खोवलेल्या नारळाच्या पाकिटांशेजारी, गोठवलेले उंदीर येऊन पडले. मी किंचाळले. नवरा इतका हसला की त्याला खालीच बसावं लागलं.

पण साप जेवेना. उंदीर गरम पाण्यात ठेवून उबदार करायचा, चिमट्याने त्याच्यासमोर धरायचा, सगळं लेक अगदी नीट करायची. तो मान फिरवायचा. अंगाने पार उतरला होता. पेट शॉपमधल्या बाई म्हणाल्या, या रविवारीही खाल्लं नाही तर परत आणून द्या. लेक त्याच्या काचेच्या टाकीसमोर बसून रडायची, स्वतःही धड जेवायची नाही. उंदरांवरून एवढा थयथयाट केलेली मी चक्क सापासाठी देवाला हात जोडायला लागले.

रविवारी दुपारी आम्ही सगळे टाकीभोवती जमलो. सांगलीहून आलेल्या सासूबाईंनी तर खुर्चीच ओढून घेतली.

"घे रे बाळा, एकच घास!" त्यांनी सुरू केलं.

"अरे खा ना यार!" नवरा म्हणाला.

"लाजू नकोस हं!" शेजारच्या काकू काचेवर टकटक करत म्हणाल्या. सापाने वेटोळ्यात डोकं खुपसलं.

"स्टॉप इट!" लेक ओरडली. "ही इज शाय! सगळे असे बघत बसले तर तो कसा खाणार?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पंगतीत पाहुण्याला छळतात तसंच आमचं चाललं होतं. लेकीने उंदीर आत ठेवला, टाकीवर चादर टाकली आणि आम्हाला खोलीबाहेर हाकललं. स्वयंपाकघरात चहा निवून गेला. शेवटी ती एकटीच बघायला गेली.

"ही एट इट!"

सापाच्या पोटाशी छान फुगवटा आला होता. आम्ही नाचलोच, सासूबाईसुद्धा, गुडघे विसरून. मला हसूही आवरेना आणि रडूही.

संध्याकाळी जेवताना सासूबाईंनी सवयीने लेकीच्या पानात आणखी एक पोळी टाकली, "संपव बरं" म्हणायला तोंड उघडलं, आणि थबकल्या. मग खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"खा गं," त्या म्हणाल्या, "मी नाही बघत."

लेकीने ती पोळी संपवली आणि हळूच दुसरी मागितली.