फुलदाणीच्या झिलईतलं शिसं

आमच्या गिरगावातल्या घरी निळ्या नक्षीची एक चिनी फुलदाणी होती. पणजोबांनी ती चीनहून आलेल्या जहाजावरून विकत घेतली, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. पाहुण्याचा चहा निवायचा, पण गोष्ट संपायची नाही. जुन्या चिनी भांड्यांची झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, तरी घरची फुलदाणी मी कधी प्रयोगशाळेत नेली नव्हती. खरं सांगायचं तर भीती वाटायची.

गेल्या वर्षी बाबांना परळच्या इस्पितळात ठेवलं. फुप्फुसं जवळजवळ निकामी झाली होती. ती फुलदाणी खरंच तेवढी जुनी आहे का, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं.

मी ती ओल्या फडक्याने पुसली आणि क्ष-किरणांच्या यंत्राखाली धरली. झिलईत कोणते धातू आहेत ते यंत्र पडद्यावर दाखवतं. नक्षीला धक्का नको म्हणून आम्ही बुडाजवळची, सहसा कुणी न पाहणारी जागा निवडतो. तिथे शिसं दिसलं, भरपूर. प्रखर आचेवर भाजलेल्या तशा जुन्या भांड्याच्या झिलईत ते जवळजवळ नसतंच; म्हणजे फुलदाणी नकली. मी दुसरी जागा तपासलीसुद्धा नाही. अनुभवाचा माज, दुसरं काय.

बाबांना मी सगळं नीट समजावलं, विद्यार्थ्यांना समजावते तसं. ते ऐकत राहिले. मग ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाले, "म्हणजे जन्मभर मी तुला खोटंच सांगत आलो गं. माफ कर मला."

अहो, त्यात काय एवढं, असं मी म्हटलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दोन दिवसांनी दसरा होता. आई गेल्यापासून घरची पूजा आत्या करते. तिने शिलाई मशीन, कपाट, फुलदाणी सगळ्यांना तेलात कालवलेल्या शेंदराचं बोट लावलं. फुलदाणीला लावलं ते बुडाजवळ. पूर्वापार शेंदूर शिशापासूनच बनतो. दर दसऱ्याला तिथेच बोट लागायचं, लहानपणी तर मीच लावायचे. झिलईच्या बारीक भेगांत तो तेलासकट मुरला होता, आणि मी बाबांना खोटं पाडलं ते त्याच्या जोरावर.

फुलदाणी घेऊन तशीच टॅक्सी करून प्रयोगशाळा गाठली. मानेजवळची झिलई तीनदा तपासली. शिसं नव्हतं. एवढ्याने फुलदाणी जुनी ठरत नाही हे मला कळतं, पण नकली म्हणायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. परळला जाताना लालबागला देवीच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत टॅक्सी अडकली. मी उतरून धावत सुटले.

बाबांना दुपारीच व्हेंटिलेटर लावला होता. ते शुद्धीवर नव्हते. मी कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, चूक माझी झाली. तुम्ही खोटं बोलला नव्हतात." नर्स म्हणाली, बोलत राहा, त्यांना ऐकू जात असेल. मी शेंदराचं सांगितलं, शिशाचं सांगितलं, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हातातला त्यांचा हात हलला नाही.

तिसऱ्या दिवशी ते गेले. माझी माफी मागून गेले, आणि मी ती स्वीकारलीही होती.