मालकांचा भाव

बाजारातले वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळे काटेवालीच म्हणायचे. सासऱ्याच्या हाताखाली ती हे काम शिकली. हात असा, की काटा चार ग्रॅम खोटा बोलला तरी ताटलीला बोट लावून ओळखायची. आणि तोंड असं, की ती दारात दिसली की लबाड दुकानदार आधी पाणी विचारायचा.

त्या महिन्यात तिला एकच घोर होता. ज्या प्रमाण वजनांवर ती दुसऱ्यांचे काटे तपासायची, तीच झिजली होती. वजनमापाच्या साहेबांनी बजावलं होतं, महिनाअखेर नवी वजनं दाखवा, नाहीतर परवाना विसरा. एक ग्रॅमच्या टिकलीपासून वीस किलोच्या ठोकळ्यांपर्यंत पुऱ्या संचाचे पैसे तिनं साठवले होते. तेवढ्यात धाकटा दीर मधे पडला.

"वहिनी, सगळा पैसा लोखंडात घालू नका. अर्धा जाहिरातीत टाका. धंदेवाल्यांची साइट आहे, सगळे दुकानदार तिथंच पडीक असतात. आठवड्यात दहा करार मिळतील. ठोकळे त्यातून घ्या."

स्प्रिंगा, स्क्रू बाजूला सारून त्यानं लॅपटॉप मांडला. जाहिरात सगळ्यांना दाखवायची तर एका क्लिकला साठ रुपये. त्यानं 'लहान धंद्याचे मालक' वर खूण केली, तसा आकडा टुणकन चारशेवर गेला.

"हे काय हो भाऊजी? माणसं कमी मागितली आणि भाव चढला?"

"लिलाव असतो तो. याच दुकानदारांच्या मागे बँका लागल्यात, विमेवाले लागल्यात. त्यांच्याहून कमी बोललो तर आपण दिसणारच नाही."

"म्हणजे समोरच्या वाण्याला दिसायला मी बँकेशी झुंजायचं? आणि बँक किती बोलली ते कुठं दिसतंय?"

"ते दाखवत नाहीत."

"वा रे वा! मी आकडा गिऱ्हाइकापासून लपवला तर साहेब माझा काटा उचलून नेतो. यांचा कोण नेतो?"

पण बडबडत का होईना, हो म्हणाली. दहा करारांनी तिचंही डोकं फिरवलं होतं.

आठवड्यात पैसे संपले. क्लिक झाले बेचाळीस, फोन एकही नाही. साइटनं हिशेब दिला तो एवढाच: पाहणारे सगळे मालक. कोण, कुठले, ते गुपित.

मग नणंदेचा फोन आला. "वहिनी, तुझी जाहिरात रोज दिसते गं. मी न चुकता दाबते. म्हटलं, तेवढाच तुला हातभार."

काटेवालीनं हातातली स्प्रिंग खाली ठेवली. "तू कशाची मालक?"

"मी लोकरीचे मोजे विणते ना! भाऊनंच लिहून दिलं होतं. आपल्याकडं कुणी नोकर म्हणून लिहीत नाही."

खरंच होतं ते. दिरानं वर्षामागं सगळ्या गोताला त्या साइटवर चढवलं होतं. मोजे विणणारी नणंद मालक, पंक्चर काढणारे चुलतसासरे संचालक. काटेवालीनं घरच्या ग्रुपवर विचारलं, कुणी कुणी दाबलं? अंगठ्यांची रांग लागली. आत्याबाईंनी तर दिवसातून दोनदा दाबलं होतं, सकाळी आणि जेवण झाल्यावर.

"चारशे!" ती दिरावर कडाडली. "तुमच्या आत्याला माझं नाव दाखवायला चारशे! मी हाक मारली असती तर फुकट आली असती ती, वर चहा पिऊन गेली असती!"

दिरानं मान खाली घालून साइटला तक्रार लिहिली. उत्तर लगेच आलं. क्लिक नियमात आहेत, पैसे परत मिळणार नाहीत. निकाल सुधारण्यासाठी बोली वाढवावी.

"वाढवावी?" तिनं हातातला पाना आपटला. "कुणी काय म्हणेल ते मालक म्हणून विकायचं, पारखायचं नाही, आणि वर भाव वाढवा म्हणायचं? असा नासका माल मी विकला असता तर बाजारानं मला उभं सोललं असतं!"

महिनाअखेरीस उरलेल्या पैशात पाच किलोपर्यंतचीच वजनं आली. साहेबांनी परवान्यावर तसंच लिहिलं: फक्त लहान काटे. गोदामांचे मोठे काटे, जिथं खरी कमाई होती, ते हातचे गेले.

आणि तिसऱ्याच दिवशी फोन वाजला. बाजारामागचा गोदामवाला.

"बाई, जाहिरात पाहिली तुमची. माझ्याकडं सात मोठे काटे आहेत, वर्षाचं काम द्यायचंय."

"तुम्ही ती दाबली होती?"

"दाबायची कशाला? नंबर वरच होता, उतरवून घेतला."

म्हणजे एकच खरं गिऱ्हाईक, तेही फुकटात आलेलं. काटेवालीनं दात आवळले. झिजल्या ठोकळ्यांवर काम उरकणं काही अवघड नव्हतं. गोदामवाल्याला काय कळणार होतं? कोपऱ्यात ते पडलेच होते.

"मोठ्या काट्यांचा परवाना नाही माझ्याकडं," ती म्हणाली.

"अहो, मग जाहिरात कशाला केली?"

"अक्कल गहाण पडली होती म्हणून! लिहून घ्या." आणि पलीकडच्या आळीतल्या, पंधरा वर्षं ज्याच्याशी तिचं भांडण होतं त्या काटेवाल्याचा नंबर तिनं एकेक आकडा चावून सांगितला, दोनदा, चुकू नये म्हणून.