बाबांच्या गाडीचे झटके

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. चिखली-जळगाव जामोद गाडी त्यांनी इतकी वर्षं चालवली, की बोथ्याच्या घाटातली माकडं फक्त त्यांच्याच गाडीला उठून वाट द्यायची. पण त्यांचं खरं नाव होतं ते मऊ हातासाठी. एकदा उशीर झालेल्या एका नवरदेवाची दाढी न्हाव्याने मागच्या सीटवर, उघड्या वस्तऱ्याने, अख्खा घाट उतरता उतरता केली. खाली पोचल्यावर गाल लोण्यासारखा, रक्ताचा थेंब नाही. घाटात वळणं किती, ते मी दर वेळी वेगळं सांगते. वस्तरा मात्र खरा.

असा माणूस निवृत्त झाला आणि खुर्चीत बसला. बसला म्हणजे असा, की खुर्चीचे पाय फरशीत चार बोटं रुतले. टीव्ही लावायचा, बंद करायचा, पुन्हा लावायचा. आई म्हणायची, "घरात दोन फ्रीज झाले. एक निदान आवाज तरी करते."

मी चिखलीतच कॉम्प्युटर शिकवते. एके दिवशी घरच्या कॉम्प्युटरला खेळाचं स्टिअरिंग आणि पायातले पेडल जोडले आणि बस चालवायचा गेम लावून दिला. कुणा एसटीभक्ताने त्या गेमसाठी आपली लाल बस बनवून ठेवली होती. घाट कुठल्याशा बर्फाळ देशातला, पण गाडी आपली. बाबा आधी हसले, मग बसले, मग उठेनातच. आठवडाभरात खाकी शर्ट ट्रंकेतून बाहेर आला. महिन्याभरात ते इतके तरुण दिसायला लागले, की भाजीवाल्याने आईला विचारलं, "दीर आले काय गावाहून?"

मग मला अवदसा आठवली. मी गेममधल्या त्यांच्या घाटाचं रेकॉर्डिंग केलं आणि न बघताच कंडक्टर काकांना पाठवलं. हे काका संग्रामपूरला असतात. आयुष्यभर बाबांच्याच गाडीवर होते आणि आता डेपोतल्या निवृत्त मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळतात. त्यांनी तो व्हिडिओ तिथे टाकला. त्यात आमची लाल बस पायात काटा भरलेल्या बैलासारखी चालत होती. थांबायची, उडी मारायची, पुन्हा थांबायची.

काकांचा आवाज सगळ्या ग्रुपवर घुमला. "डायवरसाहेब, हात गेला काय बे? पहिले तुह्या गाडीत चहा सांडत नव्हता, आता बसल्या जागी माही कवळी पडून राह्यली!" मागोमाग हसऱ्या तोंडांची रांग.

बाबांनी ते तीनदा ऐकलं. मग स्टिअरिंग काढलं, खोक्यात भरलं आणि माळ्यावर ठेवून दिलं.

"बाबा, झटके तुमचे नाहीत. गेममध्ये गाडी तेलासारखी चालली. फक्त रेकॉर्डिंग अडकतंय."

"पण दिसून तं माह्याच नावावर राह्यले नं," ते म्हणाले आणि जाऊन खुर्चीत रुतले.

मी ग्रुपवर खुलासा केला. काकांचं उत्तर आलं, "हाव माय, नापास पोट्ट्याचा पेनच खराब असते."

आता तो व्हिडिओ गुळगुळीत झाल्याशिवाय बाबा स्टिअरिंगला हात लावणार नव्हते, आणि हात लावला नाही तर आमच्या घरात पुन्हा दोन फ्रीज. मी पदर खोचला. चित्राचा आकार कमी केला. रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर साठवलं. मागे चालणारे सगळे प्रोग्राम बंद केले. मशीन तापत असेल म्हणून डबा उघडून कूलरसमोर ठेवला, तर डब्याला सर्दी झाली. झटके होते तिथेच.

शिवाय दर वेळी तपासायला गाडी चालवावी लागायची, आणि चालवणारी मी. स्टिअरिंग माळ्यावर, म्हणून की-बोर्डावर. दोन दिवसांत मी तीन बस दरीत घातल्या. बाबा खुर्चीतून बघायचे नाहीत, पण कान इकडेच. तिसरी बस पडली तेव्हा त्यांना राहवलं नाही. "अवं, ब्रेक दाब, ब्रेक! भरली गाडी हाय!" म्हणत ते उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"थो कोपऱ्यात आकडा कायचा नाचून राह्यला?"

"गेम एका सेकंदात किती चित्रं काढतो, त्याचा."

आकडा नव्वद, एकशेचाळीस, सत्तर, पुन्हा एकशेतीस असा उड्या मारत होता.

"अन् रेकॉर्डिंग?"

"ते त्यातली सेकंदाला साठ पकडतं आणि फाईलमध्ये भरतं."

"त्याले दुसरं मशीन हाय?"

"नाही. चित्रं काढणाऱ्या ज्या कार्डावर गेम चालतो, त्यावरच."

बाबांनी नाचत्या आकड्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग असे हसले की माळ्यावरची धूळ खाली आली. "म्हणजे डायवर मोकाट सुटला, अन् कंडक्टर त्याच गाडीत उभ्यानं तिकिटं फाडून राह्यला! मंग चुकतीलच नं तिकिटं. माय, तू लोकांले शिकवतं? गाडीले लॉक लाव!"

हे लॉक म्हणजे बसच्या इंजिनाला बसवतात ते. ठरल्या वेगापुढे गाडी जात नाही. बाबांच्या गाडीला ते बसवलं, तेव्हा त्यांनी इतक्या शिव्या घातल्या होत्या की टाकीतलं डिझेल आटलं होतं. खूश झाले होते ते एकटे काका. त्यांचं म्हणणं एकच, आधी तिकिटं होऊ द्या. गावाच्या शिवेवर गाडी उभी राहायची, शेवटचं तिकीट फाटायचं, काका दोरी ओढून दोनदा घंटी द्यायचे, आणि मगच बाबा पहिला गिअर टाकायचे.

मी सेटिंग उघडलं. चित्रांवर मर्यादा घालायची सोय तिथेच होती आणि मीच ती बंद ठेवली होती, जितकी जास्त चित्रं तितकं भारी म्हणून. गेमला साठ, रेकॉर्डिंगला साठ. कोपऱ्यातला आकडा साहेब तपासणीला आल्यासारखा साठावर ताठ उभा राहिला. कार्डावरचा भार पूर्ण होता, तो खाली उतरला. कंडक्टरला श्वास घ्यायला जागा झाली.

"आता चालवा," मी म्हटलं.

"तूच चालव."

"चौथी बस जाईल दरीत."

आईने तोवर स्टूल लावून खोकं उतरवलंच होतं. "हे घ्या. पुन्हा वर ठेवलं तं तुमालेच माळ्यावर ठेवीन."

बाबांनी घाट चढवला, उतरवला. मग आम्ही तिघं रेकॉर्डिंग बघायला बसलो. लावण्याआधी बाबांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला स्क्रीनपाशी ठेवला. त्याचा काही उपयोग नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. तरी आम्ही अर्धा वेळ पेल्याकडेच बघत होतो. लाल बस एकेक वळण घेत निघाली. कुठे अडकली नाही, कुठे उडाली नाही. शेवटचं वळण सुटलं तेव्हा मी असा सुस्कारा सोडला, की समोरच्या घरचे वाळत घातलेले पापड उडाले.

व्हिडिओ पाठवला. काकांनी बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. बाबा अंगणात सात फेऱ्या मारून आले. उत्तर नाही. "कवळी शोधून राह्यला असन," आई म्हणाली.

मग ग्रुपवर आवाज आला. त्यात एक शब्दही नव्हता. काकांनी चमचा घेऊन घरातल्या कुठल्याशा पातेल्यावर हाणला होता. टण, टण.

बाबांनी तो आवाज एकदाच ऐकला. मोबाईल माझ्या हातात दिला, खाकी शर्टाची वरची गुंडी लावली आणि मी बसले होते त्या स्टिअरिंगसमोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

"सरक," ते म्हणाले. "तिकिटं झाली त्याची."