बिल्लेकाकांचे दोन खिळे

‘विसरला असेल’ एवढे दोन शब्द कुणी उच्चारले, की बिल्लेकाकांचा पारा चढायचा. एरवी माणूस कमालीचा शांत. कँटीनच्या कोपऱ्यात एकट्याने डबा खाणारा, मिशा पुसून मुकाट उठणारा. पण एखाद्याबद्दल कुणी सहज म्हणालं, ‘‘विसरला असेल हो,’’ की काका हातातलं काम टाकून वळत. ‘‘विसरला असन म्हनू नोको. पाहून ये अन् मंग बोल.’’

उमरेडकडच्या कोळशाच्या खाणीत हयात काढून, निवृत्त झाल्यावर ते नागपूरबाहेरच्या आमच्या संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात सुरक्षेच्या कामावर आले. आमच्याकडे हवा लागताच पेट घेणारे वायू, हाडापर्यंत उतरणारी आम्लं आणि त्यांच्यावर डोळा ठेवणारी महागडी यंत्रं. या सगळ्यात काकांनी स्वतःची भर काय घातली, तर एक लाकडी फळा! त्याचे दोन भाग, ‘बाहेर’ आणि ‘आत’. खिळ्यांवर प्रत्येकाच्या नावाचा पितळी बिल्ला. आत शिरताना आपला बिल्ला ‘आत’च्या खिळ्यावर टांगायचा, निघताना पुन्हा ‘बाहेर’. खाणीत उतरणारा माणूस असाच बिल्ला मागे ठेवून जातो आणि वर आल्यावर परत नेतो म्हणे. आमच्या गळ्यात दार उघडणारी कार्डं होती, कोण आत आणि कोण बाहेर ते पडद्यावर दिसत होतं. आम्ही पोट धरून हसलो. त्यात मी सगळ्यात पुढे. काका म्हणाले, ‘‘हासा. पन टांगा.’’

मी नरखेडची. घरी संत्र्यांची बाग, माणसांचा राबता. नोकरीसाठी मनीषनगरात एक खोली घेऊन राहत होते आणि संध्याकाळी कुलूप उघडलं की आधी सगळे दिवे लावायचे. काका दोन गल्ल्या सोडून राहत. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी परदेशात. कंपनीच्या बसमध्ये ते सगळ्यात पुढे बसत आणि बस सुटण्याआधी मागे वळून डोकी मोजत. मग मला विचारत, ‘‘नरखेडवाली, जेवली का वं?’’ दिवसभरात मला हा प्रश्न विचारणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी त्या प्रश्नाची वाट बघायचे.

एका दुपारी मी खालच्या मजल्यावर पंपांच्या तपासणीला गेले. पुढच्या माणसाने दार उघडून धरलं, त्याच्याशी बोलत बोलत मी आत शिरले. कार्ड लावायचं राहूनच गेलं. बिल्ला मात्र हाताच्या सवयीने टांगला होता. तो माणूस आपलं काम उरकून वर गेला. मी कानांत बोळे घालून पंपांच्या गोंगाटात बसले होते आणि वर वायुगळतीचा भोंगा वाजत होता. मला त्याचा पत्ताच नाही.

पुढचं मला नंतर कळलं. सगळे आवारातल्या कडुलिंबाखाली जमले. चिपवर धूळ बसू नये म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातली माणसं, नुसते डोळे दिसणारी, त्यात कोण कमी आहे हे कळणार कसं? पडद्यावर आत असलेल्यांचा आकडा शून्य, फळ्यावर मात्र माझा बिल्ला ‘आत’. आमचे साहेब म्हणाले, ‘‘सगळे बाहेर आहेत, काका. बिल्ला काढायचा विसरली असेल ती.’’ काकांनी हवेची टाकी पाठीवर चढवली, तयार असलेल्या एका माणसाला सोबत घेतलं, कारण आत एकट्याने जायचं नाही हा त्यांचाच नियम, आणि ते खाली आले. माझा दंड धरून त्यांनी मला जिन्याकडे ओढलं तेव्हा मी त्यांच्यावर चक्क खेकसले होते!

गळती लहान निघाली. पण ती माझ्यापासून चार हातांवर होती.

मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. संध्याकाळी काका बसमध्ये पुढची जागा सोडून माझ्या शेजारी येऊन बसले. ‘‘खानीत एका पाळीले एक बिल्ला राहिला होता,’’ ते म्हणाले. ‘‘मोजनी माह्याकडंच होती. मले वाटलं, बिल्ला न्यायचा विसरला असन, घरी गेला असन. दुसऱ्या दिवशी त्याची बायको फाटकावर आली.’’ मग ते उठले आणि डोकी मोजायला पुढे गेले.

काका कारखान्यातून कायमचे निघाले त्या दिवशी आम्ही त्यांना त्यांचाच बिल्ला भेट दिला. शाल त्यांनी न उघडताच पिशवीत टाकली, बिल्ला मात्र खिशात ठेवला. महिनाभराने त्यांच्या घरी गेले, तर दाराबाहेर भिंतीवर दोन खिळे ठोकलेले. बाजारात जाताना बिल्ला ‘बाहेर’, परतल्यावर ‘आत’. मी हसून विचारलं, ‘‘पण काका, घरात तुम्ही एकटे. हा बिल्ला बघणार कोण?’’

‘‘तेच तं,’’ काका म्हणाले. ‘‘कोनी पायनारं पायजे न. तू पायशीन का?’’

त्यांनी हे इतकं साधेपणाने विचारलं की मी लगेच हो म्हटलं. तेव्हापासून रोज सकाळी सातला माझ्या फोनवर त्यांचा एक शब्द यायचा, ‘हजर’. मीही ‘हजर’ लिहायचे. खरं सांगते, त्या एका शब्दाने माझीही सकाळ सुरू व्हायची.

मग तो सोमवार आला. कारखान्याची वार्षिक दुरुस्ती सुरू होती. सातला फोन पाहिला, ‘हजर’ नव्हतं. बस पकडायची घाई होती. मी मनात म्हणाले, विसरले असतील.

दुपारी चारला बाहेर पडताना माझा बिल्ला ‘बाहेर’च्या खिळ्यावर टांगायला हात वर केला आणि तो तसाच राहिला. फोन लावला. वाजत राहिला. ऑटोने मनीषनगर गाठेपर्यंत मी तो लावतच होते. वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंकडे दुसरी किल्ली होती. काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडलेले होते. शेगडीवर चहाचं पातेलं, खाली आच नाही.

‘‘सकाळीच कधीतरी,’’ डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, ‘‘सातला कुणी आलं असतं तर?’’ डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, ‘‘सांगता येत नाही.’’ त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मुलगी आली, दिवस झाले, सामान निघालं. घर रिकामं करायच्या दिवशी मी रजा घेऊन मदतीला गेले. शेवटची पेटी खाली गेल्यावर ती म्हणाली, ‘‘ताई, दार तेवढं ओढून घ्याल?’’ आणि जिना उतरली. दाराशी मी थबकले. काकांचा बिल्ला अजून ‘आत’च्या खिळ्यावरच होता.

मी चपला काढून परत आत गेले. बैठकीची खोली पाहिली. स्वयंपाकघर पाहिलं. न्हाणीघराचं दार ढकलून पाहिलं. कुठेच कुणी नव्हतं.

मग बाहेर आले, आणि बिल्ला ‘बाहेर’च्या खिळ्यावर टांगला.