हंसळीवरचे दोन ठिपके

आमच्या मेडिकलच्या बॅचचं संमेलन भरलं की जेवणं झाल्यावर कोणीतरी हमखास म्हणतं, "अरे, ते ठिपक्यांचं सांग ना." मग मी आढेवेढे घेतो, पाणी पितो आणि सांगतो. सगळे पोट धरून हसतात. ज्याची फजिती मी सांगत असतो तो माझा मित्रही समोर बसून हसतो. तो किस्सा खोटा आहे. मीच रचलेला आहे, म्हणून मोडायचाही मलाच.

साठच्या दशकात मी नागपुरात पहिल्या वर्षाला होतो. तेव्हा प्रत्येकाला हाडांचा अर्धा संच लागे. एका बाजूचा हात, एका बाजूचा पाय, खांद्याचं पातं, हंसळी, खुब्याचं हाड. पुढे गेलेला विद्यार्थी तो मागच्याला देऊन सुटे. माझ्या वाट्याला उजवी बाजू आली. ती पत्र्याची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून मी मोठ्या ऐटीत महाल भागातल्या घरी आणली. आईने झाकण उघडलं आणि तसंच मिटलं.

"हे कोण आहे?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "कोणी नाही, अभ्यास आहे."

"मग अभ्यास बाहेर ठेव. आणि तूही बाहेरच थांब, पाणी आणते."

थंडीच्या दिवसांत मागच्या अंगणात मला डोक्यावरून आंघोळ घालण्यात आली. मी काही बंड वगैरे केलं नाही. कुडकुडत उभा राहिलो आणि दुसऱ्या दिवशी पेटी त्याच मित्राकडे नेली.

तो जरीपटका वस्तीच्या बाजूला दोन खोल्यांत राहायचा. वडील गिरणीत होते. छप्पन साली त्या घरानं दीक्षा घेतली होती, आणि त्या घरातून कॉलेजात गेलेला तो पहिलाच. त्याच्या आईनेही झाकण उघडलं. तिनं मांडीचं हाड उचलून स्वतःच्या मांडीला लावून पाहिलं.

"उंच होता गा बिचारा," ती म्हणाली. "ठेव बाबू इथंच. पलंगाखाली जागा हाय."

"माय, भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"काहून? तुह्या आंगात बी हेच हाय न? तुले तर जेवू घालून राहिली मी."

वर्षभर मी तिथंच अभ्यास केला आणि तिथंच जेवलो. अभ्यास खरं तर मित्राचाच. तो डोळे मिटून बसायचा, त्याची आई पेटीतून एकेक हाड त्याच्या हातात द्यायची आणि तो बोटांनी चाचपून नाव सांगायचा. मनगटातली हरभऱ्याच्या दाण्यासारखी हाडंसुद्धा. मी डोळे उघडे ठेवूनही चुकायचो. माय मला म्हणायची, "तू आधी जेव बाप्पा, मंग सांग." जेवल्यावरही फरक पडत नसे.

तोंडी परीक्षेत परीक्षक कापडाखालून एक हाड काढून हातात द्यायचे आणि म्हणायचे, "बाजू सांगा." म्हणजे हे शरीराच्या डाव्या अंगाचं की उजव्या. हंसळीला सगळे घाबरायचे. खांद्यापासून गळ्याच्या खळगीपर्यंत जाणारं हे वाकडं हाड. चपटं टोक खांद्याकडे, जाड टोक गळ्याकडे, गळ्याजवळचा बाक पुढे आणि बारीक खोबण खालच्या अंगाला, असं धरलं की बाजू कळते. यातलं एक जरी उलटं झालं तर डावं उजवं होतं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी विभागातला शिपाई परीक्षेची हाडं पुसून व्हरांड्यात उन्हाला ठेवायचा. त्या दिवशी तो चहाला गेला आणि माझ्यातला परोपकारी जागा झाला. मित्राचं वर्षभराचं अन्न खाल्लं होतं, त्याची परतफेड एका पेन्सिलीत होईल असं मला वाटलं. डाव्याला एक ठिपका, उजव्याला दोन. हंसळीवर ठिपका लपवायला उत्तम जागा म्हणजे ती खोबण. मी हाड पालथं केलं, खोबण वर आणली, शांतपणे विचार केला, बाजू ठरवली आणि दोन ठिपके दिले. खोबण वर ठेवून बाजू ठरवणारा माणूस पुढे डॉक्टर झाला, ही गोष्ट मी माझ्या रुग्णांपासून लपवत आलो आहे.

संध्याकाळी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "मले काय गरज आहे बे त्याची?"

"असू दे. दोन म्हणजे उजवं. ध्यानात ठेव," मी ऐटीत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मला दंडाचं हाड आलं. त्यात चुकायला विशेष प्रतिभा लागते, आणि ती मी आदल्या दुपारी खर्चून बसलो होतो. मी पास झालो. मित्राला हंसळी आली. त्यानं नुसती चाचपली आणि म्हणाला, "डावी, सर." मग हाड परत देताना खोबणीतले ठिपके त्याला दिसले. हात मागे घेत तो म्हणाला, "नाही सर, उजवी."

परीक्षकांनी चष्मा काढला. "दोन्ही नाहीत ना, महाराज?" पुढे काय विचारलं ते त्याला ऐकूच आलं नाही. तो नापास झाला. सहा महिने गेले, शिष्यवृत्तीही अडकली.

बाहेर लिंबाखाली तो मला म्हणाला, "दोन म्हणजे उजवं, असंच म्हटलं होतं न तू?"

त्या क्षणी मला खोबण आठवली. हाड पालथं धरलेला माझा हात दिसला. आणि मी म्हणालो, "नाही बे. दोन म्हणजे डावं. तूच उलटं ध्यानात ठेवलं."

तो म्हणाला, "असन. घाबरलो असन मी." माझी खूण चुकीची असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. स्वतःच्या बोटांपेक्षा त्यानं माझ्यावर भरवसा ठेवला. मी तर स्वतःवरही तितका कधी ठेवला नव्हता.

सहा महिन्यांनी तो पास झाला आणि पुढे हाडांचाच डॉक्टर झाला. मी डोळ्यांचा झालो. डोळ्याला सांधा नाही, हाड नाही. तिथंही डावा-उजवा असतोच हे नंतर लक्षात आलं, पण तिथं पेशंट स्वतः बोट दाखवतो.

ऐंशीच्या दशकात स्कूटरवरून पडून माझी हंसळी मोडली. डावी. मित्रानेच पट्टे आवळून बांधले. खांदे मागे खेचलेले, छाती पुढे; एखाद्या शूर माणसासारखा मी स्टुलावर बसलो होतो. म्हटलं, आता सांगावं. "ऐक, ते ठिपके..."

"हालू नको बे, हाड सरकन," तो म्हणाला. मी हललो नाही. हाड जुळलं, बोलणं तिथंच राहिलं. पुढच्या संमेलनात मी पुन्हा तोच, त्यानं ठिपके उलटे ध्यानात ठेवल्याचा किस्सा सांगितला, यावेळी अभिनयासह.

हे लिहून झालं तेव्हा, छापायला देण्याआधी, त्याला फोन केला आणि सगळं वाचून दाखवलं. तो हसेल असं वाटलं होतं. निदान शिव्या तरी देईल.

"म्हणजे दोन म्हणजे उजवं, असंच म्हटलं होतं तू," तो म्हणाला.

"हो. तू बरोबर ध्यानात ठेवलं होतं. खूण मीच उलटी केली."

तो म्हणाला, "माय शेवटपर्यंत म्हणत होती गा. तुह्या हातानं हाड चुकतच नाही, काहीतरी झालं असन. मीच तिले म्हणायचो, नाही माय, मीच चुकलो. तिले सांगाले पाहिजे होतं तू."

त्याची आई जाऊन आता वीस वर्षं झाली. तिच्या हातचं मी वर्षभर जेवलो होतो, आणि त्यानंतरही कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी ती विचारायची, "आणखी घेशील न बाबू?" आणि मी ताट पुढे करायचो.