कुंभकोणमची दौड आणि माधवरावांचं नाव

मद्रासहून निघालेली मीटरगेजची गाडी कुंभकोणमला पोचली तेव्हा उजाडलं होतं, पण ऊन नव्हतं. मार्गळीचा (आपला मार्गशीर्ष-पौष) महिना. आभाळ पार कौलांपर्यंत उतरलेलं, आणि दारोदारच्या कोलमच्या (तांदळाच्या पिठाची रांगोळी) रेषा दवानं फुटलेल्या.

कारगिलची लढाई संपून काही महिने झाले होते. जवानांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी इथे अर्ध-मॅरेथॉन होणार होती. वाटेत चढ आहेत, असंही कळवलं होतं. मी साताऱ्याचा, यवतेश्वरच्या घाटात पळणारा. पण चढासाठी कोणी एवढ्या लांब येत नाही. मी आलो कमलाबाईंसाठी. माझा थोरला भाऊ दत्ता आणि त्यांचे यजमान माधवराव एकाच तुकडीत होते. शांतिसेनेबरोबर दोघं लंकेत गेले. दत्ता परत आला, माधवराव आले नाहीत. त्यानंतर दत्तानं कमलाबाईंच्या घराची पायरी कधी चढली नाही. मी निघताना एवढंच म्हणाला, "तू जाऊन ये."

"या, बैसा. कॉफी होणा का?" दारातच कमलाबाईंनी विचारलं. होणा म्हणजे हवी. भोसल्यांच्या काळात इकडे आलेल्या घराण्यातल्या त्या. त्यांची मराठी ऐकताना वाटे, आपली पणजी तमिळ ठसक्यात बोलते आहे. शेजारणीनं हाक मारली की त्या मान वळवून तमिळमध्ये उत्तर देत आणि माझ्याकडे वळताच पुन्हा मराठीत येत. एकट्याच राहतात, शाळेत शिवण शिकवतात. जेवायला भात आणि डांगर पचडी (उडदाचं पीठ कालवलेलं दही) होती. मी भिंतीवर माधवरावांचा फोटो शोधत होतो. तो देवघरात होता, देवांच्या मागे.

संध्याकाळी आम्ही दोघं नाव नोंदवायला गेलो. प्रत्येक धावणाऱ्याच्या छातीवर एका शहीद जवानाचं नाव लावायचं होतं. मी संयोजकांना म्हटलं, "मला माधवरावांचं नाव द्या. या त्यांच्या पत्नी."

संयोजक निवृत्त मास्तर होते, सज्जन माणूस. कमलाबाईंकडे न बघता ते इंग्रजीत म्हणाले, "यंदाच्या लढाईतलीच नावं आहेत, सर. लंकेची गोष्ट वेगळी. आमच्याकडे लोकांना ते... तुम्हाला नाही समजायचं."

मी वाद घालायला तोंड उघडलं, तोच कमलाबाईंनी माझ्या बाहीला हात लावला. "नक्को."

परतताना त्या सांगू लागल्या. "अस्थी आल्या, त्या दिवशी गल्लीत कोणी आलं नाही. दारं लावून बैसले. आपलीच तमिळ माणसं मारायला गेला होता, म्हणत. ते गेले होते सरकारनं धाडलं म्हणून. मी कोणाकोणाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धावत निघालो ते सुंदरपेरुमाळ कोयिल या गावाच्या दिशेनं. चढ म्हणजे नद्यांवरचे पूल, एवढाच. बाकी सपाट, ओला, करडा मुलूख. दोन्हीकडे भातखाचरं, आणि धुक्यात कमरेत वाकलेल्या बायका. सपाटीवर मला दम राखता येईना. घाटात निदान उतार तरी मिळतो. परतीच्या वाटेवर पोटरीत गोळा आला, बूट चिखलानं जड झाले. शेवटचा टप्पा मी लंगडत चालत काढला. स्वामिमलैच्या देवळाची, माणसांनी रचलेली टेकडी समोर दिसत होती, तिच्या पायथ्याशीच शर्यत संपत होती.

तिथे एका बाकावर जवानांच्या घरची मंडळी बसली होती. माझ्या छातीवरचं नाव वाचून एक म्हातारी उठली. तिच्या मुलाचं नाव होतं ते. तिनं त्या कागदावर बोटं ठेवली आणि तशीच उभी राहिली. मला तिची भाषा येत नव्हती, मी नुसता वाकलो.

कमलाबाई माझा टॉवेल घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांचं बोलणं मला नंतर कळलं. म्हातारीनं त्यांना तमिळमध्ये विचारलं, "तुमचं कोण?"

"नवरा," कमलाबाई म्हणाल्या. मग आवाज जरा चढवून, "लंकेत."

आजूबाजूची दोन-तीन डोकी वळली. म्हातारी बाकावर बसली, सरकली आणि शेजारची जागा हातानं थोपटली. कमलाबाई बसल्या.

नावं पुकारली गेली. एकेक जण जाऊन शाल घेऊन आला. कमलाबाईंचं नाव कोणी घेतलं नाही. शेवटपर्यंत त्या माझा ओला टॉवेल मांडीवर धरून बसून राहिल्या. नंतर मला म्हणाल्या, "चोखट झालं. बाकावर बैसले तरी." पण चेहरा तसा नव्हता.

स्टेशनवर सोडायला आल्या तेव्हा वाटलं, आता त्या विचारणार, माधवराव कसे गेले. दत्तानं मला सांगितलं होतं ते मी कसं सांगणार होतो? त्यांनी ते विचारलंच नाही. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाल्या, "तुमच्या भावाला झोप येते का?"

साताऱ्याला पोचल्यावर मी दत्ताला सगळं सांगितलं, तो प्रश्नही. तो ओट्यावर पाठमोरा बसला होता.

"नाही येत, म्हणून कळव," तो म्हणाला. मग उठून माझ्याकडे वळला.

"नको कळवू. गाडी कुठली, ते सांग."