राजूच्या हातात आलेलं चाक

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना मी विचारायचो, "ब्रेकपण तीच लावते का?" तेव्हा वाचून हसलात तरी चालेल... मीही हसलो असतो.

आम्ही हडपसरचे. मी आणि धाकटा भाऊ राजू, दोघांत एक ट्रक. चालवायचा तो, देखभाल माझी. गाडी त्याच्या नावावर — भावाभावांत कसलं आलंय तुझं-माझं!

ट्रकचं चाक बरेच दिवस काढलं नाही की गंजून हबला, म्हणजे ते ज्यावर चढवतात त्या लोखंडी गाभ्याला, चिकटून बसतं. मग घणानंसुद्धा हलत नाही. म्हणून चाक उतरलं की मी हबची गोल कड तारेच्या ब्रशनं घासायचो आणि तिच्यावर बोटानं पातळ ग्रीस फिरवायचो. बोल्टना मात्र नाही, नट ढिले होतात. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तर सगळी चाकं उतरवून हे करायचोच. यंदाही केलं. नवमीला पाने, जॅक, घण पूजेला मांडले.

दसऱ्याला सकाळी बघतो तर मागचं डावं बाहेरचं चाक पंक्चर होऊन बसलेलं. पाना उचलला तशी बायको म्हणाली, "अहो, पूजा उठली नाही अजून. आज हत्यार नका धरू."

मी ऐकतोय कशाला! जॅक लावला, नट काढले... चाक हलेना. लाथा घातल्या, आतून घण घातला. ढिम्म! परवाच स्वतःच्या हातानं ग्रीस लावलेलं चाक!

तेवढ्यात राजू आला. सोबत वारज्याचे एक गृहस्थ, हातात झेंडूचा मोठा हार आणि पेढे. मला बरं वाटलं.

"वा, आमच्या गाडीला हार आणलात?"

ते गोंधळले. "तुमच्या? अहो, गाडी मी घेतलीये. आज मुहूर्तावर न्यायची ठरलीये. राजूभाऊ बोलले नाहीत?"

राजू चपलेकडे बघत होता. "दादा, सांगणारच व्हतो... म्हटलं सण होऊ दे."

माझ्या पाठच्या भावानं माझ्याच दारात माझी भाकरी विकली होती. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या अडकलेल्या चाकाचा आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं — गाडीला कळतंय. ती माझ्या बाजूनं आहे.

"न्या की," मी म्हणालो. "चाक निघालं तर."

राजू खाली बसला. दोन्ही हातांनी चाक धरून जरासं ओढलं आणि ते अलगद बाहेर आलं. पाना नाही, घण नाही. हबवर गंजाचा ठिपका नव्हता. ग्रीस ओलं होतं आणि त्यात माझ्या बोटाचा माग तसाच.

गॅरेजवाले म्हणतात, तुमच्या घणानंच ते सुटलं असणार. पण गंजच नव्हता, तर धरून कशानं ठेवलं होतं? बायको म्हणते, पूजेतलं हत्यार उचललंत म्हणून. असेल.

राजूनं स्टेपनी चढवली. हबकडे त्यानं बघितलंही नाही. मग गृहस्थांनी चाकाखाली लिंबं ठेवली, हार घातला आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

राजूला एक वेळ माफ करीन, रक्ताचा आहे. पण तिला मी काय कमी केलं होतं?